मेटलर्जीच्या एका जागेसाठी : डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला

जून २०२४ मध्ये नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेटलर्जीचा, म्हणजे धातुशास्त्राचा, तीन वर्षांचा डिप्लोमा पूर्ण करून मी राजुरा तालुक्यातील आमच्या गावी परतले, तेव्हा पेरण्या सुरू झाल्या होत्या आणि घरात दोनच गोष्टींची वाट पाहिली जात होती : पावसाची आणि माझ्या निकालाची. पुढे काय करायचे हे मी वर्षभरापूर्वीच मनाशी ठरवले होते. पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात बी.टेक.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा, आणि तोही मेटलर्जीलाच. ही संस्था १८५४ पासूनची. २०२२ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. डिप्लोमावाल्यांसाठी तेथे जागा थोड्या आणि त्या मागणारे राज्यभरातून येणारे, एवढे मला माहीत होते. त्या जागेपर्यंत पोहोचायला कोणकोणती कागदपत्रे लागतात, कोणत्या टप्प्यावर काय चुकू शकते आणि निर्णयाचा खरा क्षण कोणता असतो, हे मात्र पुढच्या काही महिन्यांत एकेक करून कळत गेले. आमच्या भागातील अनेक मुलामुलींना हा मार्ग केवळ ऐकून माहीत असतो, म्हणून मी तो जसा घडला तसा लिहिते आहे.

मेटलर्जीच का, हा प्रश्न मला घरी, नातेवाइकांत, बसमध्ये, सगळीकडे विचारला गेला. त्याचे उत्तर आमच्या गावच्या लोहाराच्या भात्यापाशी आहे. लहानपणी मी आजोबांबरोबर वखराची पास, म्हणजे त्याचे लोखंडी पाते, शेवटायला, म्हणजे तापवून धार लावून आणायला, जात असे. लोहारकाका पास लालबुंद तापवून ठोकायचे आणि मग तिची फक्त धारेकडची दोन बोटांएवढी कड पाण्यात धरायचे. बाहेर काढली की ते दगडाने धार घासून चकचकीत करायचे आणि तिच्याकडे एकटक पाहत राहायचे. मागच्या तापलेल्या भागातील उष्णता हळूहळू धारेकडे सरकायची, घासलेल्या पट्टीवर गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग चढायचा, आणि तो रंग धारेशी पोहोचला की सगळी पास पाण्यात जायची. याला ते ‘पाणी देणे’ म्हणत. रंग येण्याआधी बुडवली तर धार तुकडा पडून जाते आणि रंग निळा होऊ दिला तर ती मऊ पडते, एवढेच त्यांनी मला सांगितले होते.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी त्याच पाशीचा मोडका तुकडा मी त्यांच्याकडून मागून नागपूरला नेला. तो कापून बेकेलाइट या कडक प्लास्टिकमध्ये बसवला, एमरी पेपरवर जाड्यापासून बारकापर्यंत घासला, दर पेपरला नव्वद अंशांत फिरवला, शेवटी फिरत्या कापडावर ॲल्युमिनाच्या पाण्याने आरशासारखा केला आणि नायटलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमधील सौम्य नायट्रिक आम्लात, काही सेकंद धरला. सूक्ष्मदर्शकाखाली मधल्या भागात पर्लाइट, म्हणजे लोह आणि लोह-कार्बाइड यांचे पातळ थर, दिसले, नुकत्याच नांगरलेल्या वावरातल्या तासांसारखे, एकाआड एक. धारेकडे मात्र तास नव्हते. तेथे सुयांचा पसारा होता. तो मार्टेन्साइट, पोलादाचे कठीण रूप. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापवलेले पोलाद एकदम थंड झाले की कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि तो अडकून बसतो, म्हणून धार कठीण होते, हे मी पुस्तकात वाचले होते. परंतु आजोबांच्या पाशीत ते पाहिले त्या दिवशी माझा विषय ठरला.

शिवाय आमचा जिल्हा या विषयाच्या मधोमध आहे. घुग्घुसला स्पाँज आयर्न, म्हणजे लोहखनिजापासून काढलेले सच्छिद्र लोखंड, तयार होते, चंद्रपूरला पोलादात घालायचा फेरो-मँगनीज हा मिश्रधातू तयार होतो, शेजारच्या गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज आहे. माझे सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण अशाच एका कारखान्यात झाले. तेथे पाळीवर काम करणारी माणसे आमच्या गावांतली होती आणि प्रयोगशाळेत अहवालावर सही करणारी माणसे बहुतेक बाहेरची होती. ही गोष्ट माझ्या मनात राहिली.

आता मार्गाविषयी. नागपुरातच व्हीएनआयटी या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थेत मेटलर्जीची शाखा आहे, परंतु तेथील बी.टेक.चा प्रवेश बारावीनंतर जेईईवर पहिल्या वर्षाला होतो. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांसाठी तो रस्ता नाही. आमच्यासाठी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे होणारी थेट द्वितीय वर्षाची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया असते, जिला सगळे जण ‘डीएसई’ची ‘कॅप’ म्हणतात. तिच्यासाठी वेगळी परीक्षा नाही. डिप्लोमाच्या टक्केवारीवर गुणवत्ता यादी लागते. पात्रतेसाठी किमान ४५ टक्के गुण, राखीव प्रवर्गाला ४० टक्के, एवढेच लागतात, परंतु पात्र असणे आणि चांगल्या संस्थेत जागा मिळणे यांत फार अंतर आहे. मंजूर संख्येच्या १० टक्के जागा वाढीव आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा, असा तो हिशेब असतो. समजा एखाद्या शाखेला ६० विद्यार्थी मंजूर असतील, तर वाढीव जागा सहा. नामांकित संस्थेत पहिल्या वर्षाच्या जागा सहसा रिकाम्या राहत नाहीत, म्हणून त्या सहांतच सगळे प्रवर्ग आणि सगळे जिल्हे. मला डिप्लोमाला ९३ टक्क्यांच्या थोडे वर गुण होते. आनंद झाला होता, पण मागील वर्षाचे कटऑफ उघडून पाहिल्यावर या गुणांवर निर्धास्त राहता येणार नाही हे कळले.

मी इतर मागासवर्गीय प्रवर्गातील आहे. डिप्लोमाच्या प्रवेशाला जातीचे प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, एवढ्यावर माझे काम झाले होते. पदवीला मात्र जात वैधता प्रमाणपत्र लागते. हे मला आमच्या एका वरिष्ठ मुलीने शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच बजावून सांगितले होते आणि तिचे हे उपकार मी विसरणार नाही. वैधतेच्या अर्जाला वडिलांचा, आजोबांचा आणि शक्य तर पणजोबांचा पुरावा जोडावा लागतो, आणि इतर मागासवर्गीयांसाठी तो १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा असावा लागतो. बाकीच्या विदर्भात यासाठी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल किंवा १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी, म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद, काढतात. राजुऱ्याची गोष्ट वेगळी आहे. हा तालुका आधी हैदराबाद संस्थानाच्या आणि मग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, नंतर थोडा काळ नांदेडमध्ये गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडला गेला. त्यामुळे आमच्या जुन्या नोंदी मराठीत नाहीत.

आजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टर मुख्याध्यापकांनी कपाटातून काढून दिले तेव्हा त्याची पाने कडेने पिठासारखी झडत होती. पूर्ण पान उर्दूत होते. आजोबांना त्यांचे स्वतःचे नाव त्यात वाचता येईना, कारण ते त्या शाळेत दोनच वर्षे गेले होते आणि नंतर मराठी शाळेत शिकले. राजुऱ्यात एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. त्यांनी भिंग घेऊन बोट फिरवत ओळ वाचली : नाव, वडिलांचे नाव, जात, पेशा काश्तकारी, म्हणजे शेती, आणि प्रवेशाचे साल फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातील महसुली सन, १३५७. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, हे त्यांनीच सांगितले, म्हणजे १९४७-४८. ‘‘तुमच्या आजोबांचं वय तेव्हा सहा असंल,’’ ते म्हणाले, आणि आजोबा मान हलवत त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिले. त्या पानाची साक्षांकित प्रत, मराठी भाषांतर, वंशावळीचे शपथपत्र आणि बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला असा गठ्ठा जिल्हा पडताळणी समितीकडे डिसेंबरात गेला आणि वैधता प्रमाणपत्र मे महिन्यात हाती आले. ते जूननंतर सुरू केले असते तर मला पावतीवर अर्ज करून शेवटच्या फेरीपर्यंत जीव टांगणीला लावावा लागला असता.

चूक झाली ती दुसऱ्याच कागदात, ज्याची मला काळजी नव्हती. माझ्या नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपली होती, म्हणून ते नव्याने काढायचे होते. अर्ज भरला, पंधरा दिवसांनी प्रमाणपत्र आले आणि मी ते न वाचता फाइलला लावले. अर्जात कागदपत्रे अपलोड करण्याच्या आदल्या रात्री सगळे कागद चटईवर ओळीने मांडून प्रत्येक कागदावरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर-अक्षर जुळवले, तेव्हा दिसले की आडनावातील शेवटचे अक्षर गळाले आहे. टंकलेखनातील चूक होती, पण तेवढ्याने प्रमाणपत्र दुसऱ्याच कुणाचे ठरत होते, आणि वैध नॉन-क्रिमीलेअर नसेल तर अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो. संबंधित कार्यालयात पहिल्या दिवशी नवीन अर्ज करा म्हणाले, दुसऱ्या दिवशी जुन्यातच दुरुस्ती होते म्हणाले, तिसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे ते काम होते ते रजेवर होते. मला राग आला होता आणि आजही वाटते की ज्या कागदावर एखाद्याचे वर्ष अवलंबून आहे, तो देताना एकदा मोठ्याने वाचून दाखवायला हवा. बाबा पेरणी सोडून माझ्याबरोबर येत राहिले. अकराव्या दिवशी दुरुस्त प्रमाणपत्र मिळाले. अर्जाच्या मुदतीचे चार दिवस शिल्लक होते.

अर्जाची छाननी घरबसल्याही करता येते, पण मी चंद्रपूरच्या सुविधा केंद्रावर प्रत्यक्ष जाण्याचा पर्याय निवडला, कारण मूळ कागद पाहून माणसाने माझ्यासमोर ‘बरोबर आहे’ म्हणावे अशी माझी गरज होती. तेथील सरांनी प्रत्येक कागद उलटसुलट करून पाहिला आणि अर्ज निश्चित करून पावती दिली. तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावरील हरकती आणि अंतिम यादी हे सगळे विनातक्रार पार पडले.

त्यानंतर आला पसंतीक्रम. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत विद्यार्थ्याच्या हातात असलेला खरा निर्णय हा एकच आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण सायबर कॅफेत बसून तासाभरात उरकतात. डिप्लोमा कोणत्याही शाखेचा असला तरी पदवीला शाखा बदलता येते, त्यामुळे माझ्या मामांनी आणि चुलतभावाने मला कॉम्प्युटर घ्यायचा आग्रह धरला. त्यांचा हेतू चांगलाच होता. मामा म्हणाले, ‘‘पोरीच्या जातीले भट्टीवर कोण ठेवते बाई? कॉम्प्युटर टाक, एसीत बसून पगार भेटते.’’ माझ्या गुणांवर नागपूरच्या काही खासगी महाविद्यालयांत कॉम्प्युटर मिळण्यासारखे होते. चुलतभाऊ, म्हणजे दादा, तर म्हणाला की आधी मिळण्यासारखी कॉलेजे वर टाक आणि सीओईपी खाली टाक, नाहीतर वरची जागा मागण्याच्या नादात खालचीही जाईल.

ही समजूत आमच्याकडे फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. मी नियमपुस्तिका तीनदा वाचली. जागावाटप गुणवत्ता क्रमांकाने होते. ज्याचा क्रमांक आधी, त्याची यादी वरून खाली तपासली जाते आणि जी पहिली उपलब्ध जागा सापडते ती त्याला मिळते. वरची जागा मिळाली नाही म्हणून खालच्या जागेवरचा हक्क कमी होत नाही. नुकसान होते ते उलट केल्यावर : सहज मिळणारे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले आणि पहिल्याच फेरीत ते मिळाले, की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. हे मी दादाला वहीत दहा काल्पनिक विद्यार्थी आणि चार जागा मांडून, एकेकाला जागा वाटून दाखवले तेव्हा त्याला पटले. मामांना पटले नाही, पण त्यांचा मुद्दा गणिताचा नव्हताच.

बाबा सगळे ऐकत पडवीत बसले होते. त्यांचे शिक्षण दहावीपर्यंतचे आहे. ते एवढेच म्हणाले, ‘‘तुले जे शिकायचं हाये तेच वरते लिव. आन् जे घ्यायचंच नाही ते लिवूच नको.’’ नियमपुस्तिकेतील सगळ्या सूचनांपेक्षा हे वाक्य मला जास्त उपयोगी पडले, कारण यादी लांबवण्याच्या भरात मीही नको असलेली पाच-सहा नावे लिहून ठेवली होती. ती खोडली. पहिल्या क्रमांकावर सीओईपीची मेटलर्जी, दुसऱ्या क्रमांकावर अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील मेकॅनिकल, तिसऱ्या क्रमांकावर आमच्या चंद्रपूरच्या शासकीय महाविद्यालयातील मेकॅनिकल, आणि त्याखाली आणखी सात अशी माझी यादी झाली. कॉम्प्युटर त्यात नव्हते.

पहिल्या फेरीत अमरावती मिळाले. सीओईपीच्या मेटलर्जीत माझ्या प्रवर्गातील शेवटच्या जागेचे गुण माझ्यापेक्षा अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने वर होते. मिळालेली जागा १,००० रुपये स्वीकृती शुल्क भरून धरून ठेवायची आणि ‘बेटरमेंट’, म्हणजे वरच्या पसंतीची जागा मागण्याचा पर्याय, निवडून पुढच्या फेरीत जायचे, असे माझे ठरले होते. त्यात एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते : पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते, मग मन बदलून मागे येता येत नाही.

परंतु त्याच दोन दिवसांत पाऊस लागला. वर्धा नदीला पूर आला, राजुरा-बल्लारपूर रस्ता पुलावर पाणी आल्यामुळे बंद झाला आणि आमच्या गावाबाहेरचा नाला चढला. वीज गेली, त्यामागोमाग मोबाइलचा टॉवर गेला. शुल्क भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. ती चुकली असती तर हातची जागा गेली असती. सकाळी पाऊस जरा ओसरल्यावर शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर काढला. नाल्यातून जाताना पाणी मोठ्या चाकाच्या निम्म्यापर्यंत होते आणि मी दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळलेला फोन छातीशी धरून बसले होते. राजुऱ्याच्या अलीकडे, एका पेट्रोल पंपाजवळ, नेटवर्कच्या दोन काड्या आल्या. तेथेच, ट्रॉलीत उभे राहून, मी पैसे भरले आणि बेटरमेंट निवडले. पहिल्यांदा व्यवहार अडकला, दुसऱ्यांदा झाला. अकरा वाजून वीस मिनिटांनी पावती आली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की मुदतीच्या शेवटच्या दिवसावर काहीही ठेवू नका, आणि पावसाळ्यात तर पहिल्याच दिवशी पैसे भरून मोकळे व्हा. मीही ते आदल्या दिवशी, टॉवर चालू असताना, करू शकले असते.

दुसऱ्या फेरीचा निकाल लागला तेव्हा मी निंदणाला गेले होते. दादाने फोन करून सांगितले. मी त्याला संस्थेचे नाव, शाखेचे नाव आणि माझा अर्ज क्रमांक तिन्ही पुन्हा वाचायला लावले. आई धुऱ्यावर खाली बसली आणि रडली. मामांनी संध्याकाळी येऊन पेढे दिले आणि पुण्याच्या खर्चासाठी पाच हजार रुपये बाबांच्या हातात ठेवले.

खर्चाचा प्रश्न खरा होता. त्याच वर्षी जुलै महिन्यात राज्य शासनाने निर्णय काढला होता की आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के शासन भरेल. आमच्यासारख्या घराला या निर्णयाचा काय आधार वाटला हे शब्दांत सांगणे कठीण आहे. बाबांनी बैलजोडी विकण्याचा विचार बोलून दाखवला होता. तो त्यांनी सोडला. वसतिगृह, खानावळ आणि इतर शुल्क मात्र आपले आपल्यालाच भरावे लागते, हे ध्यानात ठेवूनच निघावे. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती-संकेतस्थळावरचा अर्ज प्रवेशानंतर वेगळा भरायचा असतो आणि त्यासाठी आधारशी जोडलेले बँक खाते आधीच तयार असलेले बरे.

चंद्रपूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मी आणि बाबा पुण्याला गेलो. कागद तपासणाऱ्या मॅडमनी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, अधिवास, जातीचे प्रमाणपत्र, वैधता आणि शेवटी ते दुरुस्त केलेले नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र वाचले. आडनावापाशी त्यांची नजर थांबली असे मला वाटले आणि माझा श्वास अडकला, पण त्यांनी शिक्का मारला आणि पुढचा कागद उचलला. दुपारी अडीच वाजता माझा प्रवेश पूर्ण झाला.

निघण्यापूर्वी बाबांना ‘तुझी भट्टी’ पाहायची होती. आम्ही विभाग शोधत गेलो. प्रयोगशाळा बंद होती, पण खिडकीच्या काचेतून टेबलावर ठेवलेली विजेची मफल भट्टी दिसत होती. तिच्यात काय करतात, असे त्यांनी विचारले. मी त्यांना सांगितले की लोहारकाका रंग पाहून ज्या उष्णतेचा अंदाज घेतात, ती येथे आकड्यात लावता येते, आणि किती वेळ ठेवायचे तेही. त्यांनी काचेला हात लावून पुन्हा आत पाहिले आणि मग आम्ही बसस्थानकाकडे निघालो.

दुसऱ्या वर्षाचे वर्ग आमच्या प्रवेशाआधीच सुरू झालेले होते. डिप्लोमातून आलेल्या आम्हा सगळ्यांचे पाच आठवडे बुडाले होते, आणि पहिल्या वर्षाचे गणित आम्ही शिकलेलेच नव्हतो. वर्गात शिक्षक लाप्लास रूपांतरावर पोहोचले होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी वसतिगृहातील एका मुलीने तिची गणिताची वही मला रात्रीपुरती दिली. मी ती पहाटे तीनपर्यंत उतरवून काढली, आणि सकाळी आठच्या तासाला पहिल्या बाकावर जाऊन बसले.